तिघांवर येऊन ठेपलेला मदतगट कसा टिकवावा?

ऐरोलीच्या एका रहिवाशाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आजोबांची आबाळ पाहून काही जण एकत्र आले आणि त्यांनी एक गट सुरू केला. पुढे सिग्नलवर वस्तू विकणारी मुले आणि रस्त्यावरची जखमी कुत्री ही कामेही त्याच गटाकडे आली. आज व्हॉट्सॲपवर दीडशेच्या आसपास सभासद आहेत, पण प्रत्यक्ष धावपळ तिघेच करतात. त्यांतील एकीने आता आपल्याकडून होत नाही असे कळवले आहे आणि कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून गटात दोन तट पडले आहेत. लोकांचा उत्साह परत कसा आणावा आणि संस्था नोंदवली तर काही फरक पडेल का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्साह हा या प्रश्नाचा गाभा आहे, असे मला वाटत नाही. दीडशे लोक दोन वर्षांनंतरही गट सोडून गेलेले नाहीत, म्हणजे कळवळा शिल्लक आहे. अडचण अशी दिसते की, आलेली प्रत्येक हाक कोणाच्या तरी अंगावर पडते आणि ते काम संपले असे कधी म्हणायचे, हे कोणी ठरवलेले नाही. आजोबांना दवाखान्यात नेले, डबा लावून दिला, की पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येतो आणि तोच माणूस पुन्हा धावतो. कामे साचत जातात, माणसे तेवढीच राहतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, तुमच्या गटाने स्वतः सुटका करत फिरण्याऐवजी पाठपुरावा हेच आपले मुख्य काम मानावे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. कामाच्या दिवशी दुपारी सरकारी कार्यालयात जाऊ शकेल असा एक तरी माणूस गटात आहे का, यावर बरेच काही ठरते. तुमच्या भागातील पोलीस ठाण्याचा अनुभव कसा आहे, यावरही ठरते. आणि हद्दीचा प्रश्न आहेच, ज्यात नवी मुंबईकरांची हमखास फसगत होते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग महसुली दृष्ट्या ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर, कामोठे आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हींचे एकच आहे. त्यामुळे खारघरमधील मुलाबाबतचा गुन्हा नवी मुंबई पोलिसांकडे नोंदला जातो, पण त्या मुलाचा निर्णय रायगडची बालकल्याण समिती घेते. चुकीच्या जिल्ह्यात दिलेला अर्ज बराच काळ फिरून परत येतो आणि तेवढ्यात आपल्याच माणसांचा धीर सुटतो.

पाठपुरावा म्हणजे ज्याचे काम आहे त्याच्याकडून ते करून घेणे. तुमच्या तिन्ही विषयांत कायद्याने जबाबदार व्यक्ती ठरवून दिलेली आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. मुलांनी सांभाळ नाकारलेल्या आईवडिलांचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाने ऐकावा, असे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सांगतो. रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार महापालिकेची जबाबदारी आहे. ही कामे आपण रात्रंदिवस अंगावर घेतली, तर ज्यांनी करायची त्यांना ती करावी लागत नाहीत, आणि आपण थांबलो की सगळेच थांबते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकारानंतर हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांनी पाहिले. त्या संतापामुळे शासन हलले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेतील सखी सावित्री समिती कागदावर आहे की तिची बैठक खरोखर होते, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते आणि ती शेवटची कधी उघडली, हे विचारायला दर तीन महिन्यांनी शाळेत जाणारे पालक मला फार थोडे भेटले आहेत. त्या कामात घोषणा नाहीत, छायाचित्रे नाहीत, आणि म्हणूनच ते दोन-तीन माणसे न थकता वर्षानुवर्षे करू शकतात.

आता प्रत्यक्ष पद्धत सांगते. पानांवर क्रमांक घातलेली एक जाड वही आणा. संगणकावरचा तक्ता चालत असेल तर तोही ठेवा, पण वही कार्यालयात सोबत नेता येते आणि समोरच्या कारकुनाच्या टेबलावर उघडता येते, हा तिचा मोठा फायदा आहे. प्रत्येक प्रकरणाला एक पान द्या. कोणी कळवले, काय पाहिले, कोणत्या कार्यालयाकडे कोणत्या तारखेला लिहिले, आवक क्रमांक काय मिळाला, प्रकरण कोणत्या दोघांकडे आहे आणि पुढची तारीख कोणती, एवढे त्यावर असावे. यातील पुढची तारीख हा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. तारीख लिहिण्यासारखे काही उरले नसेल, तर ते प्रकरण बंद झाले असे समजून पानावर तशी सही करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास बसून फक्त तारखा पाहायच्या. मी पाहिलेले जे गट टिकले, ते सगळे या ना त्या रूपात हेच करत होते.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ‘साहेब मीटिंगला गेले आहेत, अर्ज ठेवून जा’ असे सांगितले जाईल. त्यावर साहेबांची नव्हे, आवक टेबलाची पोच हवी आहे, असे शांतपणे म्हणावे. तरीही नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती वहीत चिकटवावी. दोन आठवड्यांनी आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्यावे. त्यालाही उत्तर नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून, अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली आणि फाइल सध्या कोणाकडे आहे, एवढेच विचारावे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. प्रश्न एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांकडे लोकशाही दिन असतो, पण तिथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रार लागते आणि अर्ज आगाऊ द्यावा लागतो. त्यामुळे गटाचे सामूहिक निवेदन घेऊन जाण्याऐवजी बाधित व्यक्तीच्या नावाचा अर्ज तयार करून द्यावा.

ज्येष्ठांच्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहिते, कारण गटाची सर्वांत जास्त शक्ती इथे वाया जाते. ओळख पटेल असे तपशील गाळून एका आजींची हकीगत सांगते. राहती खोली त्यांनी बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून दिली होती. नंतर त्यांची खाट गॅलरीत गेली आणि दिवसा घरी कोणी नसताना स्वयंपाकघराला कुलूप लागू लागले. शेजारच्या तरुणांना मुलावर गुन्हा दाखल व्हावा असे वाटत होते. आजींना विचारले तेव्हा त्यांना हव्या असलेल्या गोष्टी दोनच निघाल्या: दुपारी स्वतःचा चहा करून घेता यावा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये. त्यांच्या तोंडचे हेच शब्द अर्जात घातले. सुनावणीच्या दिवशी त्यांनी अधिकाऱ्यांसमोर पहिले वाक्य उच्चारले ते ‘मुलगा वाईट नाही हो साहेब’ असे. सोबत गेलेल्यांपैकी एकाचा चेहरा पडला, कारण आपण कोणासाठी भांडतो आहोत, असे त्याला वाटून गेले. परंतु मागणी आधीच कागदावर आलेली असल्याने त्या वाक्याने काही बिघडले नाही. दरमहा ठरावीक रक्कम बँक खात्यात जमा करावी आणि स्वयंपाकघराला कुलूप लावू नये, असा आदेश झाला.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. दर महिन्याला आजींचे पासबुक भरून आणायचे आणि त्या निमित्ताने दहा मिनिटे बसून यायचे, एवढी जबाबदारी त्याच मजल्यावरच्या एका गृहिणीने घेतली. हे महत्त्वाचे का, तर थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. पासबुकाकडे कोणी पाहिलेच नाही, तर ही मुदत कधी टळून जाते ते कळतही नाही आणि हातातला आदेश निरुपयोगी होतो.

या कायद्यातील आणखी काही बाबी गटातील प्रत्येकाला पाठ असाव्यात. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असून अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवस घेता येतात. व्यवहारात त्याहून जास्त वेळ लागू शकतो, हे आजी-आजोबांना आधीच सांगावे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, कलम २३ खाली परत मिळवता येते. अट दस्तात लिहिलेली असेल तर प्रकरण भक्कम होते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले आहे, तरी बक्षीसपत्र करण्यापूर्वीच ही अट लिहून घ्या, असे सांगत फिरणे हे तुमच्या गटाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम ठरेल. नवी मुंबईतील विरंगुळा केंद्रे आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्याइतकी त्यासाठी योग्य जागा नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी, अशीही नियमांत तरतूद आहे. आपल्या प्रभागातील अशा ज्येष्ठांची नावे, त्यांच्या संमतीने, पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. केवळ माहिती किंवा सल्ला हवा असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये साठवून द्या.

मुलांच्या बाबतीत मात्र गटाने स्वतःवर कडक मर्यादा घालून घ्याव्यात. मूल संकटात दिसले तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला किंवा पोलिसांना कळवावे. त्याला आपल्या घरी नेऊ नये, त्याचे छायाचित्र गटावर टाकू नये. मुलाची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायद्यानुसार गुन्हा आहे आणि दीडशे जणांच्या गटावर टाकलेली कोणतीही गोष्ट खासगी राहत नाही. इमारतीचे नावदेखील ओळख पटवायला पुरते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी शंका आली, तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. सोसायटीच्या बैठकीत असे प्रकरण मिटवू पाहणारे लोक निघतील. त्या बैठकीला गटातील कोणीही बसू नये, आणि मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून खात्री करून घेण्याचा मोहही टाळावा.

सिग्नलवरच्या मुलांबाबत घाई करू नये, असे माझे मत आहे. बहुतेकांचे आईवडील तिथेच पुलाखाली किंवा पदपथावर असतात आणि मुलाला उचलून नेणे हा त्या कुटुंबाच्या दृष्टीने हल्ला असतो. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची सिग्नल शाळा चालते. तिच्यापासून घेण्यासारखे आहे ते हे, की शाळा मुलांच्या राहत्या ठिकाणी गेली आणि रोज तिथेच राहिली. तुम्हाला शाळा काढायची नाही. पण ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षभरात कधीही, वयानुरूप वर्गात, दाखला नसला तरी प्रवेश मिळाला पाहिजे, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो, आणि तो प्रवेश मिळवून देणे व मूल महिनाभर शाळेत जाते आहे ना हे पाहणे, हे दोन माणसांना झेपणारे काम आहे.

मुलांचे काम हंगामाशीही बांधलेले असते. दिवाळी झाली की भिवंडी, कल्याण, शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन जातात आणि मुलांची शाळा पावसाळ्यापर्यंत सुटते. म्हणून विचारपूस दिवाळीपूर्वी व्हायला हवी, जानेवारीत जाऊन फारसा उपयोग नसतो. तसेच जूनमध्ये शाळाप्रवेश, संक्रांतीला मांज्याने जखमी होणारे पक्षी, पावसाळ्यात घराबाहेर पडू न शकणारे ज्येष्ठ, अशी वर्षाची आखणी वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवली, तर गटावर संकटे अचानक कोसळत नाहीत.

आता कुत्र्यांच्या भांडणाकडे येते. तिन्ही दुर्बळ घटकांसाठी काम करणाऱ्या गटात हा वाद आज ना उद्या होणारच, कारण पहाटे फिरायला निघालेले आजोबा, शाळेच्या बसची वाट पाहणारे मूल आणि भुकेलेले कुत्रे एकाच फाटकापाशी भेटतात. दोन्ही बाजू भूतदया विरुद्ध सुरक्षितता असे भांडत राहतात, आणि २०२३ च्या नियमांतील नियम २० कोणीच उघडून वाचत नाही. खाऊ घालण्याची जागा रहिवासी संघटनेने ठरवावी, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, ये-जा करण्याच्या दारांपासून आणि जिन्यांपासून दूर असावी, आणि वेळ ठरवताना मुले व ज्येष्ठ यांची वर्दळ लक्षात घ्यावी, असे त्यात स्पष्ट आहे. जमले नाही तर पोलीस, पशुवैद्यकीय अधिकारी आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असलेल्या समितीकडे जाण्याची सोयही त्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या मूळ जागी परत सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात जागा नेमाव्यात, असे आदेश दिले. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्र्यांबाबत वेगळे आणि अधिक कडक आदेश आले. या विषयात आदेश बदलत राहतात, तेव्हा भांडण्यापूर्वी ताजा आदेश काढून वाचावा.

माझा आग्रह असा राहील की, दोन्ही तटांतील एकेकाने मिळून परिसरातील कुत्र्यांची यादी करावी, कोणाच्या कानाला नसबंदीची खाच आहे आणि कोणाच्या नाही ते लिहावे, आणि उरलेल्यांसाठी महापालिकेला संयुक्त अर्ज द्यावा. एकाच अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या की भांडणाचा सूर बदलतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. चावा झालाच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्या वेळी कोणाची चूक याची चर्चा करू नये.

माणसांविषयी सांगायचे तर, दीडशे जणांच्या गटाला प्रेक्षक समजा आणि त्यांच्यावर रागावू नका. कामासाठी दहा-बारा जणांचा वेगळा गट करा आणि व्हॉट्सॲपवर ‘कोणी जाऊ शकेल का?’ असे विचारणे बंद करा. त्याऐवजी एकेकाला नाव घेऊन, वेळेची मर्यादा सांगून छोटे काम द्या: ‘गुरुवारी अकरा वाजता प्रभाग कार्यालयात पोच घेऊन याल का?’ याला होकार मिळतो. एकाही प्रकरणावर एकटा माणूस नसावा. आणि ज्येष्ठांकडे केवळ मदत घेणारे म्हणून पाहू नका. महापालिका, टपाल खाते किंवा बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका तुमची वही आपल्या सर्वांपेक्षा चांगली ठेवतील. टिप्पणी, शेरा आणि फाइल कशी हलते हे त्यांनी जन्मभर पाहिलेले असते.

पैशांचा नियम कडक असू द्या. जखमी जनावराचे बिल भावनेच्या भरात एकाने भरायचे आणि महिनाभर मनात कुढत राहायचे, यातून बरीच चांगली माणसे गेलेली आहेत. रक्कम आधी ठरवा, ती थेट पशुवैद्याला किंवा रुग्णालयाला द्या आणि दर महिन्याचा हिशेब सर्वांना दाखवा. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची बंधने आहेत, तेव्हा जाहीर वर्गणी मागण्याच्या फंदात सध्या पडू नका.

नोंदणीबाबत माझे उत्तर ‘इतक्यात नको’ असे आहे. सात जण मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली न्यास अशी नोंदणी करता येते, पण त्यानंतर दरवर्षीचे लेखापरीक्षण, सभांची इतिवृत्ते आणि पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, हे सगळे त्याच तिघांच्या गळ्यात पडते. अर्ज, पोच, माहिती अधिकार यांपैकी कशालाही नोंदणी लागत नाही. ज्येष्ठ नागरिक कायद्यात संस्थेने अर्ज करायचा असेल तर ती नोंदणीकृत हवी, पण अर्जदार असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. वही वर्षभर नीट चालली आणि निधीची खरोखर गरज भासली, तर त्या वेळी हा विषय काढावा.

राहता राहिल्या त्या ताई, ज्यांनी होत नाही असे कळवले आहे. त्यांची समजूत घालून त्यांना परत बोलावू नका आणि ‘निदान वही तरी सांभाळा’ असेही म्हणू नका. सुट्टी द्या, ती खरी सुट्टी असू द्या. फक्त जाण्यापूर्वी त्यांच्याकडून एक तास मागून घ्या. कोणत्या कार्यालयात कोण ऐकून घेते, कोणता पशुवैद्य रात्री फोन उचलतो, कोणत्या आजोबांना कोणत्या वेळी भेटलेले चालते, कोणते प्रकरण कुठे अडले आहे, हे दोन वर्षे केवळ त्यांच्या डोक्यात साठलेले असणार. त्यांनी सांगावे, दुसऱ्या कोणी लिहून घ्यावे, आणि वहीची पहिली पाने त्यातूनच भरावीत.